उजव्या खांद्यावरची पाकळी

राबाच्या तुकड्यावर शेणाचा थर पसरून झाला होता आणि त्यावर ऐनाच्या टहाळाचे भारे सोडायचे होते, तेवढ्यात वनिता बांधावर येऊन उभी राहिली. शकूने मान वर केली नाही. वनिता तिची चुलतजाऊ. दोघींची शेतं लागून होती. ती कमरेवर हात ठेवून बांधावर उभी राहिली म्हणजे काहीतरी सांगायला आलेली असते आणि सांगितल्याशिवाय जात नाही, हे शकूला लग्न होऊन आली तेव्हापासून ठाऊक होतं.

"काय ठरलं गं संजनाचं?"

"काय नाय."

"अजून नाय? बुधवारी नाव घालायचंय ना कॉलेजात?"

"हां."

"मग?"

"मग काय. टहाळ पसरायचाय. येतेस का हाताला?"

वनिता बांध उतरून आली. तिचं एवढं बरं होतं, तोंडाबरोबर हातही चालायचे. दोघींनी मिळून भारा सोडला. वाळलेली पानं चुरचुरली आणि धूळ नाकात गेली. मे महिन्याचं ऊन माथ्यावर आलं होतं, वारा पडलेला होता आणि जमीन तव्यासारखी तापली होती. या तुकड्यात भाताचं बी पेरायचं, म्हणून आधी तो भाजून घ्यायचा. शेण, टहाळ, गळलेल्या पानांचा पातेरा, पेंढा असे थर देऊन वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचं. आग वाऱ्यावर सोडली तर वरचं वर भरकन जळून जातं आणि खाली तण जिवंत राहतं. वाऱ्याच्या तोंडावर पेटवली की ती बोटाबोटाने सरकते आणि मातीला ऊब पोचते. डोंगरातून टहाळ डोक्यावरून आणून आणून शकूची मान आखडली होती. हल्ली तिला वाकायचं काही वाटत नसे, उठायचं मात्र वाटे.

"मी बोलते नर्सिंगला घाल," वनिता म्हणाली. "आमच्या सुरभीला बघ. पनवेलला हाय. कायम कामाला. माणसं आजारी पडायची थांबणार हायत का?"

शकूची मुलगी संजना पातेऱ्याची टोपली घेऊन येत होती. तिने ती राबावर उलटी केली आणि ओढणीने तोंड पुसलं.

"काकू, मला रक्त बघून चक्कर येते."

"मला बी यायची. पोरं झाली आन् गेली."

"म्हंजे आधी पोरं व्हायला पायजेत," संजना म्हणाली, आणि तिघी हसल्या. शकूचं हसू लवकर संपलं.

बारावीचा निकाल लागल्यापासून घरात हेच चाललं होतं. संजनाला चांगले मार्क पडले, हीच अडचण झाली. पडले नसते तर कुणी विचारलं नसतं. आता पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, खोपोलीची टमटम, जिथे जावं तिथे कुणीतरी एक डिग्री काढून हातावर ठेवत होतं. फार्मसीला घाल. बँकेचं करू दे. शिक्षक नको, भरतीच नाय. मागे संजनाच्या थोरल्या भावाच्या, हर्षदच्या वेळी गोष्ट सोपी होती. तेव्हा सगळा गाव एका तोंडाने बोलला होता, मेकॅनिकल. साजगावला कारखाने, खोपोलीला कारखाने, मशिनं काय बंद पडणार हायत? फीसाठी खालचं भाताचं खाचर विकलं गेलं आणि हर्षद इंजिनियर झाला. त्याच्याबरोबर तालुक्यातली बाकीची पोरंही झाली. आज तो खालापूरकडच्या एका गोदामात रात्रपाळीला खोक्यांवर लाल उजेड मारत होता. खोकं टूं म्हणालं की पुढचं खोकं. खालच्या खाचरात मुंबईच्या शेटचा बंगला उभा होता, आणि राबावरून मान वळवली की त्याच्या तलावाचं निळं पाणी दिसे. शकू त्या बाजूला मान वळवत नसे.

"अगं, नागूभाऊ आले," वनिता म्हणाली.

शकूचा नवरा नागू शेताच्या कडेला सायकल टेकवून उभा होता. तो साजगावच्या एका कारखान्यात पावडर भरायच्या खात्यात होता, ठेकेदाराकडे. आज सुट्टी होती. तो आधी खोकला, मग बोलला.

"उद्या सकाळी देवळात यायचं सगळ्यांनी. कोंडाजीला सांगून आलोय. कौल लावायचा."

"कसला कौल?" शकूने विचारलं.

"संजनाचा. केमिस्ट्री का कंप्युटर. आता मी काय हर्षदशी भांडत बसणार नाय. माउली सांगंल ते."

वनिता म्हणाली, "नर्सिंग बी इचारा की."

"खांदे दोनच हायत देवीला," नागू म्हणाला आणि सायकल वळवून निघून गेला.

त्या बाप-लेकांचं भांडण शकूला आता पाठ झालं होतं. नागूच्या कारखान्यात काचेची एक खोली होती. तिथे पांढरा कोट घातलेली एक मुलगी बसायची. टँकर भरला की तिच्याकडे नमुन्याची बाटली जायची आणि ती हो म्हणेपर्यंत टँकर फाटकातच उभा राहायचा. ड्रायव्हर, सुपरवायझर, सगळे खोळंबून. "ती पोरगी बोलल्याबिगर टँकर हलत नाय," असं नागू सांगायचा, तेव्हा त्याच्या आवाजात आपल्या मुलीसाठी टँकर थांबल्याचं सुख असायचं. त्यावर हर्षद म्हणायचा, "बाबा, ती एक बसलीय, बाहेर पन्नास उभ्या हायत. आन् उद्या तिच्या जागेवर मशीन येणार हाय. कंप्युटर करू दे तिला." मग नागू म्हणायचा, "तुझ्या कंप्युटरवाल्यांना बी काढतायत. मी मोबाईलमंदी बघतो ना. आता मशीनच मशीनला लिवतंय बोलतात." "मग तुमी काय बोलता, काय शिकूच नाय?" "मी कधी बोललो तसा?" पुढे नागूला खोकला लागायचा आणि विषय तिथे थांबायचा, दुसऱ्या दिवसापर्यंत.

गावदेवीचं देऊळ वस्तीच्या टोकाला आंब्याखाली होतं. पूर्वी कौलारू होतं, आता स्लॅब होता आणि आत फरशी. देवी म्हणजे शेंदूर चढवलेली कमरेएवढी शिळा. डोळे चांदीचे, खांदे मात्र दगडाचे आणि रुंद. गाभाऱ्याच्या भिंतीवर शेटने दिलेला पंखा होता, पात्यांच्या जाळीवर त्याच्या वडिलांचं नाव रंगवलेलं. शकूने चपला गल्लीतच काढल्या. ती नेहमीच तिथे काढायची.

हर्षद रात्रपाळी करून सरळ इकडेच आला होता. तो खांबाला टेकून बसला आणि त्याचे डोळे मिटायला लागले. नागूला दुपारच्या पाळीला जायचं होतं, डब्याची पिशवी त्याने जवळ ठेवली होती. कोंडाजी गुरवाने घंटा वाजवून पंखा लावला, आंघोळीचा ओला पंचा खांद्यावर सारखा केला आणि जास्वंदीच्या दोन पाकळ्या तांब्यातल्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या.

"आई माउली," त्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "हा तुझा लेकरू नागू. याची पोरगी संजना, बारावी पास झाली, चांगल्या मार्कानं झाली. आता पुढं काय शिकावं ते यांना सुदरत नाय. उजवीला केमिस्ट्री ठेवली हाय. डावीला... काय रं ते हर्षद?"

"कंप्युटर सायन्स," हर्षद डोळे न उघडता म्हणाला.

"डावीला कंप्युटर. यातलं भाकरीचं कोणतं ते माउली तू दाखव. आमाला कळत नाय, तुला कळतं."

सगळ्यांनी हात जोडले. शकूनेही जोडले. तिला खरंच वाटत होतं, देवीने आता काय ते एकदाचं सांगावं. कुणीही सांगावं. घरातली भांडी घासताना, राबाला टहाळ वाहताना सतत डोक्यात फिरणारं हे ओझं कुणीतरी उतरून घ्यावं.

फार वेळ गेला नाही. उजव्या पाकळीची कड वळली, पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"उजवी!" नागू म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळलेला शकूने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. "बघ हर्षद, उजवी!"

हर्षदने एक डोळा उघडून मिटला. कोंडाजीने नारळ हातात घेतला. शकूने संजनाकडे पाहिलं.

संजना देवीकडे पाहत नव्हती, पंख्याकडे पाहत होती. पंखा उजव्या भिंतीवर होता आणि देवीच्या उजव्या अंगावर वारा घालत होता. डावा खांदा शिळेच्या आडोशाला होता, तिथली पाकळी ओलीच होती, चमकत होती. संजनाने खाली पाहिलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. ती काही बोलणार नव्हती. शकूला ते दिसलं, आणि पोरगी किती थकली आहे तेही दिसलं. मग तिला स्वतःलाच कळलं. पोह्याचे पापड वाळत घातले की वाऱ्याच्या अंगाचे आधी वळतात, यात नवं काय होतं?

"थांबा," ती म्हणाली. "पंखा बंद करा."

"काय?" नागूने विचारलं.

"वारा उजवीलाच लागतोय. ती वाळली म्हून पडली."

पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

"शकू, तू देवीला खोटं पाडतेस?"

"मी देवीला कुठं, मी पंख्याला बोलते."

"कौल झाला. परत लावायचा नसतो. काय कोंडाजीदादा?"

पण कोंडाजी पंख्याकडे बघत उभा होता. नारळ त्याच्या हातातच राहिला होता. "पूर्वी कौल जेवणवेळेपरेंत लागायचा," तो हळू म्हणाला. "माणसं कंटाळून जायची. पंखा आल्यापासनं लगेच व्हायला लागला. मला वाटायचं, माउली खूश हाय." तो मनातल्या मनात पंखा बसल्यापासूनचे कौल आठवत असावा. त्यात त्याच्या थोरल्याचं लग्नही होतं. त्याने पुढे होऊन बटण दाबलं, पाती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि नव्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या.

नागू भिंतीला टेकून बसला.

आता देवळात हवा हलेना. समईचा धूर सरळ वर जात होता. कोंडाजीच्या पाठीवरून घाम ओघळत होता, हर्षद घोरत होता. बाहेर आंब्यावर कावळा ओरडून गेला. पाकळ्या होत्या तशाच होत्या. नागू उठायचा, जवळ जाऊन वाकून बघायचा, परत बसायचा. असं किती वेळा झालं. शेवटी फाट्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि त्याने पिशवी उचलली.

"मला जायला पायजे. शकू, तू बघ. जे पडंल ते मला सांग. मग मी काय बोलणार नाय, माझ्या तोंडातून शब्द निघणार नाय." दारात तो वळला. "पण जे पडंल तेच सांग."

"हां," शकू म्हणाली.

तो गेला. गल्लीच्या वळणापर्यंत त्याचा खोकला ऐकू आला. कोंडाजीने पंचा फरशीवर पसरला आणि "जरा पाठ टेकतो" म्हणून आडवा झाला. थोड्या वेळाने हर्षदच्या घोरण्यात त्याचंही मिसळलं. मायलेकी तेवढ्या जाग्या राहिल्या.

"संजे."

"काय?"

"तुला काय पायजे गं?"

संजनाने खांदे उडवले. "जे पडंल ते."

"देवीचं नाय इचारत. तुझं इचारते."

"आतापरेंत कुठं इचारलं कोणी?" तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून शकूला जास्त लागलं. बराच वेळ संजना फरशीवर बोटाने रेघा काढत बसली. मग म्हणाली, "मला गणित आवडतं, आये. नुसतं गणित. बीएस्सीला घेता येतं."

"गणित." शकूने तो शब्द तोंडात धरून पाहिला. केमिस्ट्री म्हटलं की पांढरा कोट दिसत होता. नर्सिंग म्हटलं की सुरभी दिसत होती. कंप्युटर म्हटलं की निदान कंप्युटर तरी दिसत होता. "गणितवाले असतात कुठं गं? कंपनीत कोण असतो गणिताचा?"

"दिसत नाय कोण. असतात कुठं कुठं. मला बी नीट म्हाईत नाय."

"मग काय उपेग?"

"म्हून तर बोलत नव्हते," संजना म्हणाली.

शकूला आठवलं, ही पोर लहान होती तेव्हा खळ्यावर बसून भाताच्या पेंढ्या रचायची, आणि रास पुरी व्हायच्या आधीच किती होतील ते सांगायची. बरोबर यायचं. सगळे हसायचे आणि कामाला लागायचे. हर्षद कधी काय करायचा लहानपणी? तो पाटाच्या पाण्यात मासे बघत बसायचा तासन्‌तास. मशीन त्याने कधी उघडून पाहिलं नव्हतं. तेव्हा कुणी ते मनात घेतलं नाही. शकूनेही नाही. खांबाला टेकलेला हर्षद तोंड उघडं टाकून झोपला होता आणि झोपेतही त्याच्या उजव्या हाताचं बोट मधूनमधून दाबल्यासारखं हलत होतं.

तेव्हा पाकळी पडली.

आवाज काही झाला नाही. शकूची नजर तिथे होती म्हणून तिला दिसली. उजव्या खांद्यावरची पाकळी जराशी घसरली, थांबली आणि शेंदरावरून सरकत देवीच्या पायाशी आली. पंखा बंद होता. वाऱ्याची झुळूकही नव्हती. पडली ती आपण होऊन पडली.

संजनाने पाहिलं. तिने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "केमिस्ट्री," ती म्हणाली, इतक्या साध्या आवाजात, जणू कुणाच्या तरी घरचा निरोप सांगत होती.

शकू उठली. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेऊन उठली, कारण इतके दिवस टहाळ वाहिलेली कंबर सरळ होत नव्हती. गाभाऱ्याचा उंबरा तिने आजवर कधी ओलांडला नव्हता, बायका बाहेरूनच हात जोडत. ती आत गेली. पाकळी उचलली, तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, पाकळी भिजवली आणि देवीच्या उजव्या खांद्यावर होती तिथे परत लावली. अंगठ्याने दाबून बसवली.

"आये!" संजना अर्धवट उठली.

"गप."

शकू बाहेर येऊन बसली. ओले हात तिने पदराला पुसले. देवीच्या चांदीच्या डोळ्यांकडे तिने पाहिलं नाही. काय बोलायचं तेही तिला सुचेना. माफ कर म्हणावं तर आपण ते मागे घेणार नाही, हे देवीलाही दिसत होतं. शेवटी ती मनात एवढंच म्हणाली, मी पण आयच हाय.

मग तिने पायाने कोंडाजीचा पंचा ओढला. "कोंडाजीदादा, उठा. ऊन उतरलं."

कोंडाजी धडपडून उठला, डोळे चोळत आत गेला. दोन्ही पाकळ्या दोन्ही खांद्यांवर होत्या. तो डोकं खाजवत बराच वेळ उभा राहिला.

"दोनी ठेवून घेतल्या की माउलीनं."

"त्याचा काय अर्थ व्हतो?" शकूने विचारलं.

"म्हंजे यातलं काय द्यायचं नाय तिला. माझ्या बापाच्या येळेला एकदा झालता असा कौल." तो शकूकडे वळला. "तिसरं काय हाय का तुमच्या मनात?"

शकूने संजनाकडे बोट केलं. "तिला इचारा."

नागू पाळीवरून आला तेव्हा घर झोपलं होतं. सकाळी तो उठला तोवर शकू शेतात गेली होती. तो मागोमाग आला. राबावर पेंढ्याचा थर झाला होता आणि शकू टोपलीतून माती भुरभुरत होती. त्याने दुसरी टोपली घेतली. दोघं कडेकडेने माती टाकत गेली.

"कोंडाजी भेटला वाटेत," शेवटी तो म्हणाला. "दोनी ठेवून घेतल्या बोलला."

"हां."

"असं कसं झालं?"

शकूने माती टाकली. "संजना गणित घेते बोलते."

नागूने टोपली खाली ठेवली. खालच्या बाजूला शेटच्या बंगल्यात कुणीतरी तलावात उडी मारली, पाण्याचा आवाज इथवर आला. नागूने तिकडे पाहिलं आणि मान परत राबाकडे वळवली.

"गणितवाल्याला काम काय लागतं गं?"

"म्हाईत नाय."

"संजनाला म्हाईत हाय?"

"तिला बी नाय."

"म्हंजे कोणालाच म्हाईत नाय."

"हर्षदच्या टायमाला सगळ्यांना म्हाईत व्हतं," शकू म्हणाली.

नागू उभाच राहिला. एकदा वाटलं, तो ओरडेल. शकू त्याची वाट पाहत होती, ओरडला असता तर तिला हलकं वाटलं असतं. पण त्याने खिशातून काडेपेटी काढली, चिमूटभर माती वर सोडून वारा बघितला आणि राबाच्या पलीकडच्या कडेला गेला. तिथे वाकून त्याने पेंढ्याला काडी लावली. जाळ वर आला नाही, नुसता दाट पांढरा धूर निघाला आणि आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू सरकायला लागली.

"बुधवारी मी रजा टाकतो," तो तिथूनच म्हणाला. "जातो तिच्यासंगती खोपोलीला. पोरगी एकटी काय जाईल."

"जावा."

तो कडेकडेने चालत तिच्यापाशी आला. खोकला आवरून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"शकू, पाकळी खरंच नाय पडली?"

"धूर लागतोय तुमाला," ती म्हणाली. "या अंगाला येऊन उभे ऱ्हावा."

तो या अंगाला आला. शकूने त्याच्या हातात हिरवी फांदी दिली, कडेने आग बाहेर यायला लागली तर झोडायला. दुसरी तिने स्वतःकडे ठेवली. राब दुपारपर्यंत जळत राहणार होता आणि तोवर दोघांना तिथून हलता येणार नव्हतं.